रेडियम म्हणजे नक्की कोणतं?

आमच्या टी-शर्ट छपाईच्या दुकानात श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठीची ऑर्डर होती. फेरीला निघणारे बरेच जण रविवारी रात्रीच त्र्यंबकेश्वरहून चालायला लागतात, आणि वाटेत पाऊस, धुकं, अंधार हे सगळं असतंच. ग्रुपचे काका म्हणाले, "अंधारात एकमेकांना दिसलो पाहिजे. पाठीवर नाव रेडियममध्ये करा." ४० टी-शर्ट, मरून ड्राय-फिट (म्हणजे पॉलिस्टर), कापड त्यांचंच.

गुरुवारी रात्री माल गरम प्रेसमध्ये दाबून झाला. अंधारात उजळणारं हीट ट्रान्सफर व्हिनाइल, म्हणजे उष्णतेने कापडाला चिकटणारी फिल्म, वापरलं होतं: १५५ अंश, १५ सेकंद, मध्यम दाब. शुक्रवारी सकाळी गठ्ठा सोडला तर अक्षरांचा पिस्त्यासारखा फिकट रंग जाऊन गुलाबी झाक आलेली. सगळ्या चाळीसवर.

चूक आमचीच. पॉलिस्टरचा रंग डिस्पर्स नावाच्या जातीचा असतो. इतक्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती वरच्या फिल्ममध्ये शिरते. मरून आणि लाल यात सगळ्यात बदमाश. शिवाय प्रेसमधून काढल्याबरोबर काही दिसत नाही, डाग तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी उमटतो. आम्ही तर गरम माल एकावर एक रचून ठेवला होता, म्हणजे आगीत तेलच. डमी पीस दाबून रात्रभर ठेवला असता तर एकच टी-शर्ट वाया गेला असता.

खाली रंग अडवणारी पांढरी फिल्म टाकून पाहिली. ती १३० अंशांवर नीट बसली, पण वरच्या फिल्मला १५० तरी लागतात आणि तिथे पुन्हा तोच खेळ.

मरून पीस दाखवायला काकांना बोलावलं आणि खरा घोळ तेव्हा कळला. त्यांनी टी-शर्ट बाहेर नेऊन बाइकच्या हेडलाइटसमोर धरला. "हे चमकत का नाही?" त्यांना नंबरप्लेटवर लावतात तसलं रेडियम हवं होतं! आपल्याकडे दोन्हीला रेडियमच म्हणतात. शब्द जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरून आला. तिथे खरंच रेडियम मिसळलेला रंग असायचा. आजच्या दोन्ही मालात रेडियम औषधालाही नाही.

परावर्तक फिल्ममध्ये काचेचे बारीक मणी असतात. ते आलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणून गाडीवाल्याला ती लखलखीत दिसते. उजेड नसेल तर ती नुसती राखाडी पट्टी. दुसऱ्या फिल्ममध्ये स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पूड असते. ती आधी उजेड पिते आणि मग हळूहळू सोडते. पहिल्या दहा मिनिटांत तेज झपाट्याने उतरतं, नंतर मंद हिरवट उजेड बराच वेळ राहतो, पण तो डोळे अंधाराला सरावल्यावरच दिसतो. शेजारच्याने कपाळावर टॉर्च लावला असेल तर काहीच नाही. मागून येणाऱ्या गाडीला दिसायला हिचा भरवसा धरायचा नाही.

मग ठरलं: काळे सुती टी-शर्ट, पाठीवर ५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन परावर्तक पट्ट्या आणि छातीवर उजळणारं नाव. काळं कापड खालून तेज खातं, म्हणून नावाखाली पांढऱ्या फिल्मचा थर दिला; तो उजेड परत वर ढकलतो. आधी पांढरी ५ सेकंद दाबून गार करायची, मग वरची पूर्ण १५ सेकंद. पहिल्याच दाबात पूर्ण वेळ दिला तर पांढरी दोनदा भाजते आणि कडा आकसतात.

उजळणाऱ्या फिल्मची पूड कडक असते, अक्षरं कापणाऱ्या मशीनचं ब्लेड लवकर बोथट होतं. ४५ अंश कोनाच्या ब्लेडने कोपरे उचलले जायला लागले, तेव्हा ६० चं लावलं. अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी कापायची आणि रेघ ३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवायची नाही. अक्षरांभोवतीची नको असलेली फिल्म सोलताना वेलांटीची शेपटी आणि अनुस्वार हमखास निघून येतात, म्हणून ते थोडे जाड केले.

श्रावणात सुती कापड हवेतलं पाणी धरून ठेवतं. ते तसंच दाबलं तर वाफ चिकटाखाली अडकून फुगे येतात. म्हणून प्रत्येक पीस आधी रिकामाच ६ सेकंद दाबला. तरी दोन पीसचं एक टोक सुटलं. तापमापक लावला तर प्लेटचा डावा कोपरा १२ अंश थंड निघाला. त्यानंतर नाव मधोमध घेऊनच दाबलं.

रविवारी दुपारी माल देताना सांगितलं: निघण्याआधी पांढऱ्या एलईडी टॉर्चने नावावर जवळून मिनिटभर उजेड मारा. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे चालत नाहीत, त्यांच्यात निळा प्रकाश जवळजवळ नसतो. पहिली धुलाई २४ तासांनंतर, उलटा करून, गार पाण्यात. इस्त्री थेट फिल्मवर नको.

ऑर्डरच्या वहीत आता रेडियम असं लिहीतच नाही. "उजेड पडल्यावर चमकणारं" आणि "अंधारात उजळणारं" असे दोन रकाने आहेत. मरूनपैकी एक टी-शर्ट प्रेसच्या वर टांगला आहे, सोमवारपर्यंत तो शुक्रवारपेक्षाही गुलाबी झाला होता.