मे महिन्यात चोर्ला घाट: पिकअप गेलं म्हणून क्लच बदलू नका

म्हापशाहून बेळगावला चोर्ल्याने जाणार असाल, तेही मे महिन्यात आणि दुपारी, तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. चढावर गाडीने ओढायचं सोडलं आणि त्याच सुमाराला एसीतून गरम हवा यायला लागली तर तो क्लच नव्हे, पेट्रोलमधली भेसळ पण नव्हे, इंजिन तापलंय. घाटमाथ्यावर हे मला कोणी सांगितलं नाही, उलट १४ हजारांचा क्लच गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

गाडी सात वर्षांची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही. आत आम्ही दोघं, आई-बाबा, आणि डिकीत लग्नाचं सामान. निघायच्या आधी सर्व्हिस झालेली, ऑइल नवीन, टायर चांगले, कूलंटची लेव्हल टाकीवरच्या मॅक्सच्या रेघेला. घाट नेहमी करणाऱ्या दोघातिघांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, रस्ता आता झकास आहे, एसी फुल ठेवून जा. केरीपर्यंत ते खरंही आहे. डिचोली, साखळी, अंजुण्याचं धरण, कुठेही काही नाही.

केरी सोडलं की घाट सुरू होतो आणि सगळा खेळ इथल्या वळणांचा आहे. माझ्या पुढे बेळगावहून भाजी घेऊन आलेला आणि आता रिकामा परत चाललेला टेम्पो, मागे प्लास्टिकचे क्रेट दोरीने बांधलेले, काळा धूर सोडत पंधराच्या स्पीडने. ओव्हरटेक करायला जागा नाही. म्हणजे इंजिनवर लोड पूर्ण आणि समोरून वारा जवळजवळ शून्य, वर त्या टेम्पोची गरम हवा थेट आपल्या जाळीत. आधी एसी गरम झाला. गॅस गेला असेल असं वाटलं. मग दोन वळणांनंतर गाडी मरगळली, पाय तळाला टेकवला तरी सेकंडमध्ये नुसती घुंघुं करत होती, आणि मग लाल दिवा लागला.

हा दिवा फार उशिरा लागतो, हे आधी समजून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांना टेम्परेचरचा काटाच नसतो, गार असताना निळा दिवा आणि उकळायला आल्यावर लाल, मध्ये काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. काटा असलेल्या गाड्यांतही पुष्कळदा तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, आत ८० असो की १००, काटा तिथेच. त्यामुळे दिव्याच्या आधीचे इशारे ओळखायचे. कूलंट ठराविक मर्यादेपलीकडे तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पहिल्यांदा एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनवरचा भार कमी व्हावा म्हणून. इंजिन तापलं की आत नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, व्हायला लागतं, ते टाळायला ईसीयू स्पार्क थोडा उशिरा टाकतो आणि तिथेच पिकअप जातं. आत खेचली जाणारी हवा पण गरम झालेली असते आणि हवा दर १० अंशाला साधारण ३ टक्के विरळ होते. शिवाय चोर्ल्याचा माथा ८०० मीटरच्या आसपास, तिथे हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा मुळातच सातआठ टक्के विरळ. ही शेवटची घट प्रत्येक बिनटर्बोच्या गाडीला लागते, तिला घाबरायचं कारण नाही. पण एसी गरम आणि गाडी मेलेली हे दोन्ही एकदम झालं तर थांबाच.

आम्ही थांबलो, अर्धा तास गाडी थंड केली, एसी बंद करून हळूहळू वर आलो. माथ्याच्या पुढे रस्त्याला लागून एक गॅरेज लागलं. तिथला माणूस बॉनेट न उघडता, एक चक्कर मारून म्हणाला, साहेब क्लच प्लेट संपली, १४ हजार, सामान बेळगावहून मागवतो, गाडी उद्या मिळेल. कूलंट कमी झालं म्हणून एक बिनालेबलची हिरव्या पाण्याची बाटली ओतली, तिचे १,४०० रुपये. एका लिटरचे! चांगल्या कंपनीचं कूलंट एवढ्यात दोनतीन लिटर येतं. आणि गाडी पुढे न्यायची नसेल तर क्रेन आहे म्हणाला, बेळगावपर्यंत साडेसहा हजार. आई उन्हात बसलेली बघून भाव वाढला हे मी स्वतः ऐकलं, आधी तो फोनवर साडेचार बोलत होता.

क्लच गेला की नाही हे पाहायला एक मिनिट लागतं आणि ते प्रत्येकाला आलं पाहिजे. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठणठणीत. न बंद पडता इंजिन फिरतच राहिलं तर क्लच घसरतोय. चालत्या गाडीतही फरक कळतो, क्लच गेला असेल तर आरपीएम चढतो पण स्पीड वाढत नाही, आणि इंजिन तापलं असेल तर आरपीएमच चढत नाही. माझं इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं. त्या माणसाला दाखवलं, तो म्हणाला तसं काही नसतं. बाटलीचे पैसे दिले आणि एसी बंद ठेवून निघालो. कणकुंबी, जांबोटी करत बेळगावला आरामात पोचलो. जांबोटीची झाडी छान आहे.

बेळगावला नातेवाइकांनी जुन्या मेकॅनिककडे नेलं, साठीच्या पुढचे काका. त्यांनी पहिली टॉर्च घेतली आणि म्हणाले, "क्लच कोण सांगिटलं तुम्हाला? जाळीत बघा की आधी." समोरून एसीचा कंडेन्सर दिसतो, तो माझा स्वच्छ होता. रेडिएटर त्याच्या मागे, मध्ये बोटभर फट. काकांनी कंडेन्सरचे बोल्ट ढिले करून तो गॅस न काढता पुढे झुकवला आणि आत पाहिलं तर तांबड्या धुळीचा, सुक्या पानांचा आणि किड्यांचा जाड थर, रेडिएटरचा खालचा अर्धा भाग पूर्ण बंद. माझी गाडी रोज डिचोलीच्या बाजूला जाते. खाणी २०१२ पासून बंद-चालू होत आल्या तरी त्या पट्ट्यातली तांबडी माती काही कुठे गेलेली नाही, आणि पावसाळ्यात ती ओली होऊन आत थापली जाते. सर्व्हिसमध्ये कधी कोणी तिथे बघितलं नव्हतं, वॉशिंगचे पैसे मात्र दर वेळी लावले.

दुसरा दोष रेडिएटरच्या झाकणात. त्याचा रबर कडक होऊन चिरला होता. झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, ते आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशाला उकळतं आणि अर्धं कूलंट मिसळलं की त्याहून थोडं वर. दाब टिकला नाही की उकळणं लवकर सुरू, आणि वाफेला इंजिनची उष्णता उचलता येत नाही. ढोबळमानाने पेट्रोलमधल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा कामाला लागतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला तिसरा या रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. तो अर्धा बुजलेला, मग गाडी चढेल कशी?

सफाई आणि नवीन झाकण मिळून ६५० रुपये झाले. चौदा हजार कुठे आणि हे कुठे. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, आणि साध्या पाइपने. प्रेशर गन जवळून मारली तर रेडिएटरच्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन्स, वाकतात आणि वाट परत बंद. कळंगुट-मोरजीकडे समुद्राला लागून गाडी ठेवणाऱ्यांनी तर दरवर्षी बघावं, खाऱ्या हवेने फिन्सवर पांढरी पूड धरते आणि बोट लावलं की पापडासारख्या तुटतात, मग सफाईचा उपयोग नाही, रेडिएटरच बदला.

लग्न छान झालं, कुंदा खाल्ला. परतताना मुद्दाम चोर्ल्यानेच आलो आणि जिथे गाडी मेली होती ती वळणं पुन्हा चढून पाहिली, खाली केरीला जाऊन वळून वर. यावेळी ओबीडीचा छोटा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाईलला पाठवणारी डबी, लावून मोबाईलवर आकडे बघत होतो. एसी चालू, चौघं आत, बाहेर ऊन तेच, आणि कूलंट १०१ च्या वर गेलं नाही. गाडी सेकंडमध्ये मस्त ओढत होती, मला इतका आनंद झाला की बायकोने शेवटी मोबाईल काढून घेतला. डोंगल हजाराच्या आत येतो. घाट करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

चढताना तिसऱ्यात १,५०० आरपीएमवर रेटू नका, सेकंडमध्ये अडीच-तीन हजारावर ठेवा. बहुतेक गाड्यांचा वॉटर पंप इंजिनच्या वेगाने फिरतो, आरपीएम कमी म्हणजे कूलंटचं फिरणं कमी. टेम्पोच्या ढुंगणाला चिकटून जाऊ नका, पन्नास फूट मागे राहा. तापतेय असं वाटलं की एसी बंद आणि हीटर फुल, काचा खाली. घाम येईल, येऊ दे, हीटरची कॉइल हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागलाच तर सपाट जागी थांबा. वाफ नसेल, कूलंट सांडत नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन आयडलवर राहू दे, बॉनेट उघडा. वाफ दिसली तर ताबडतोब बंद, आणि बॉनेट वाफ थांबल्यावरच. झाकणाला मात्र वरचा होजपाइप हाताला गार लागेपर्यंत हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणं हा मूर्खपणा आहे, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो. गार झाल्यावर बिसलेरी चालेल, पण घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरा. नुसता रंग जुळवून कूलंट मिसळू नका, रंगाचा काही ठरलेला नियम नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. विहिरीचं पाणी अजिबात नको, आत क्षार धरतो.

आणि गोव्यात हमखास मिळणारा सल्ला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाक, इकडे कुठे थंडी आहे. बिलकुल ऐकू नका. इंजिन सपाटीवर नीट तापतच नाही, ईसीयूला वाटतं गाडी अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि इंजिन झिजतं. बुजलेला रेडिएटर त्याने मोकळा होत नाही.

लहान टर्बो पेट्रोलवाल्यांनी इंटरकूलरची, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या भागाची, जाळी पण बघून घ्यावी, तीही त्याच धुळीने भरते.

शक्य असेल तर सकाळी आठच्या आत केरी सोडा. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नाही, त्यामुळे क्रेनवाल्याचा नंबर साखळीलाच घेऊन ठेवा, आणि बेळगावपर्यंतचा भाव आधी विचारून मेसेजवर लिहून घ्या, नुसता तोंडी नको.