वरोरा कोळसा खाण, कट-सेक्शन (उभा छेद) मॉडेल: थर झाले, आता रूफ (खाणीचं छत)

थर लावून झाले एकदाचे. स्केल 1:100. खाण सरकारी होती, 1906 ला बंद पडली, मी काही तिचा हुबेहूब नकाशा करत नाहीये, वर्धा व्हॅलीत खडकांचा जो क्रम नेहमी सापडतो तोच घेतलाय. तळाला तालचीर, त्यावर बाराकर, ज्यात आपला कोळसा, मग कामठी सँडस्टोन आणि वर काळी माती.

तालचीरसाठी पीओपीत फिश टँकचे खडे मिसळलेत, हा थर हिमनदीने आणलेल्या गोट्यांचा आहे ना. चंद्रपूर भागातल्या इरईजवळ फेडन या भूवैज्ञानिकाला 1875 मध्ये चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे सापडले होते, आता चंद्रपूरच्या उन्हात घाम पुसत बर्फाचा थर बनवणं म्हणजे जरा गंमतच.

खरी डोकेदुखी कोळशात. या पट्ट्यात सीम (कोळशाचा थर) 15 मीटरच्या आसपास जाडीची मिळते, म्हणजे मॉडेलमध्ये 15 सेंमी काळा पट्टा, आणि बरेच जण इथे काळा रंग मारून मोकळे होतात. पण बोर्ड अँड पिलरमध्ये, म्हणजे बोगदे (गॅलरी) खोदत मध्ये कोळशाचेच खांब (पिलर) आधाराला सोडायच्या पद्धतीत, एवढी जाडी एकदम काढताच येत नाही. आत्ताच्या नियमात गॅलरी उंचीला 3 मीटर आणि रुंदीला 4.8 मीटरच्या वर नको, वरोऱ्याच्या काळी हा नियम नव्हता पण मापाला काहीतरी हवं म्हणून 3 सेंमी बाय 4.8 सेंमी धरलं, तर बघा किती कोळसा तसाच राहतो, वर रूफला, खाली फ्लोअरला, शिवाय पिलरमध्ये. रूफला कोळसा मुद्दाम ठेवतात कारण वर शेल (पातळ पापुद्र्यांचा मातकट खडक) असेल तर हवा लागली की पापुद्रे सुटून खाली येतो. पण इथला कोळसा ओलसर, हलक्या ग्रेडचा, पिलरला भेगा पडून आत हवा शिरली की आपोआप तापायला लागतो आणि आग लागते. म्हणजे रूफ धरायला ठेवलेला कोळसाच उद्या पेटणार, मला तर या खाणींची सगळी कथा इथेच दिसते. म्हणून पिलरच्या कडा सरळ कापल्या नाहीत, कोपरे सोलून चुरा गॅलरीत टाकलाय.

पाणी बाकी आहे. कामठी सँडस्टोन सच्छिद्र, भरपूर पाणी धरतो, रूफ खचलं की भेगांतून ते सगळं खाली उतरतं, म्हणून एका फॉल्टच्या (खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या) कडेने रेझिनची ओल दाखवायचा विचार आहे. रेझिन कोळशाच्या भुकटीवर ओतलं की बुडबुडे फार येतात, आधी पातळ फेव्हिकॉलचा हात मारून सील केलं तर चालेल का? कोणी केलं असेल तर सांगा.