मीटर शून्यावर, शेरा मात्र ‘अंडर’

ठाण्यात फोटोग्राफीचा वीकेंड क्लास लावायचा विचार असेल, तर चौकशीला जाल तेव्हाच एक प्रश्न विचारा: “सर, कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर शून्यावर आलं म्हणजे नेमकं काय झालं?” उत्तर म्हणून सर फळ्यावर त्रिकोण काढायला लागले, तर फी भरायची घाई करू नका. मी भरून बसले होते. क्लासचं नाव इथे लिहीत नाही. बाकीच्या क्लासमध्ये गेलेल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की त्रिकोण सगळीकडेच आहे.

कंपोझिशनचा भाग बरा शिकवला, त्याबद्दल तक्रार नाही. स्क्रीनवर ग्रिड लावा, मुख्य गोष्ट रेषा एकमेकींना छेदतात तिथे आणा. सकाळी तलावपाळीला नेलं, तेव्हा पाण्याची कड फोटोच्या बरोबर मधून जाऊ द्यायची नाही, होडी जिकडे निघाली आहे तिकडे मोकळी जागा ठेवायची, आणि माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला असेल तर कॅमेऱ्यात काही शोधत न बसता दोन पावलं बाजूला सरकायचं, एवढं पोह्यांच्या गाडीपर्यंत पोचेतो डोक्यात बसलं होतं.

मग आला त्रिकोण. ॲपर्चर, शटर, आयएसओ. उजेड म्हणजे पाणी, ॲपर्चर म्हणजे नळाची तोटी, शटर म्हणजे नळ किती वेळ सोडला ते, आणि फोटो म्हणजे बादली. ही बादली आम्ही कितीतरी रविवार भरत होतो. ॲपर्चरचा आकडा एफ २.८ वरून ४, ४ वरून ५.६, प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. शटर १/१२५ चं १/२५० केलं की निम्मा. आयएसओ १०० चा २०० केला की फोटो दुप्पट उजळ. हे गणित सातवीतल्या मुलालाही येईल. बादली भरली हे कोण ठरवणार, हे मात्र कुणी सांगितलं नाही. “मीटर शून्यावर आणा,” एवढंच.

वर मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळी सेटिंग हाताने लावायचा, हट्ट. डायल दुसरीकडे दिसला की सर वर्गात सगळ्यांसमोर टोमणा मारायचे. आता विचार करा: मॅन्युअलमध्ये जाऊन मी चाक फिरवत मीटरचा काटा शून्यावर आणणार असेन, तर ॲपर्चर प्रायॉरिटीत (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) कॅमेरा आपणहून तेच करतो की! फोटो तोच येतो, फक्त अंगठा दुखतो.

पोर्ट्रेटची असाइनमेंट होती ‘घरातली व्यक्ती, खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही’. मी आत्याला बसवलं. आमच्या हॉलची भिंत पांढरी, आत्याची साडी मोतिया रंगाची, खिडकी तिच्या डाव्या हाताला. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएमची लेन्स, आयएसओ ४००, एफ ४, १/२५०. काटा बरोबर शून्यावर. फोटो जमा केला. परत आला, खाली लाल अक्षरांत ‘अंडर’, म्हणजे उजेड कमी पडला.

काय अंडर, किती अंडर, कशामुळे अंडर, काही नाही. विचारलं तर म्हणाले, “चेहरा अंडर आहे. परत काढा. प्रॅक्टिस करा.” परत काढला. आयएसओ ८०० केला, तर काटा अधिककडे गेला म्हणून शटर १/५०० केलं, काटा शून्यावर, फोटो हुबेहूब आधीसारखा. एफ २.८ करून पाहिलं, मागची कुंडी धूसर झाली, चेहरा तसाच मळकट. पुन्हा ‘अंडर’. एका शनिवारी सहायक सर होते, त्यांनी तोच फोटो ‘कंपोझिशन छान’ म्हणून ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी तो परत केला. आत्या एव्हाना वैतागली होती. “अगं, तुझा काटा येईल तेव्हा येईल, मला कुकर लावायचाय,” म्हणून ती उठून गेली, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं.

फोटो नीट बघा, म्हणजे माझा वैताग कळेल. भिंत पांढरी नव्हतीच. पावसाळ्यातल्या आभाळासारखी राखाडी. साडीचा मोतिया रंग धुणं राहिलेल्या कपड्यासारखा. आत्या मूळची गव्हाळ, फोटोत दोन छटा सावळी. आणि काटा? शून्य! वर्गात अजून तिघांचे असेच परत आलेले. ज्याने काळ्या टी-शर्टातल्या मित्राला गडद पडद्यासमोर उभं केलं होतं, त्याला शेरा मिळाला ‘ओव्हर’. त्यालाही उपाय तोच, प्रॅक्टिस.

सर्टिफिकेटच्या फॉर्मला पासपोर्ट साइझचे दोन फोटो हवे होते. फोटोग्राफीच्या क्लासला फोटो बाहेरून काढून आणायचे, हा विनोद त्यांच्या लक्षात आला नसावा. जांभळी नाक्याच्या बाजूला एका जुन्या स्टुडिओत गेले. मागे पांढरा पडदा, माझा कुर्ता फिका पिवळा, लाइटच्या दोन छत्र्या, टप्प, टप्प, झालं. फोटो हातात आला तर पडदा पांढराशुभ्र आणि चेहरा माझाच. मला राहवेना. म्हटलं, “काका, मागे एवढं पांढरं असून काटा कसा फसला नाही?”

काका हसले. “काटा बघतोय कोण? लाइट माझे, अंतर माझं. एकदा लावून ठेवलंय, गिऱ्हाईक काळं घालून येवो नाहीतर पांढरं.” मग त्यांनी काउंटरवरचा पांढरा कागद उचलला. “ताई, मीटरला कागद कळत नाही, साडी कळत नाही. ते फक्त उजेड मोजतं आणि समोर जे असेल ते मधलं राखाडी आहे असं धरून चालतं. पांढरं दाखवलंत तर ते म्हणतं उजेड फार झाला, कमी करा. काळं दाखवलंत तर म्हणतं अंधार आहे, वाढवा. शून्य म्हणजे बरोबर नाही हो. शून्य म्हणजे राखाडी.”

एवढंच! हे मधलं राखाडी म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं, हा पुस्तकातला आकडा. पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. म्हणजे नुसत्या भिंतीवर काटा शून्यावर आणला, तर फोटो दोन स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होण्याच्या दोन पायऱ्या, काळा. मॅट्रिक्स मीटरिंग पूर्ण फ्रेम बघून थोडं सावरतं, पण फ्रेमच पांढरी असली की तेही फसतं.

काकांनी पुढचा उपायही फुकटात सांगितला. मीटरिंग स्पॉटवर टाका. त्यात फ्रेमचा जेमतेम दोन-चार टक्के भाग मोजला जातो. ज्याचा फोटो काढायचा त्याचाच तळहात चेहऱ्याजवळ धरायला सांगा, चेहऱ्यावर पडतो तोच उजेड हातावर पडला पाहिजे. माणूस गोरा असो की काळा, तळहात त्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून तळहातावर काटा शून्यावर नाही, अधिक एकवर आणायचा आणि तसाच ठेवून फोटो काढायचा. मॅन्युअल मोडचा खरा उपयोग इथे. मागून कोणी पांढरा शर्ट घालून गेलं तरी सेटिंग हलत नाही.

घरी येऊन आत्याला पुन्हा बसवलं. तळहात दाखव म्हटल्यावर ती म्हणाली, “भविष्य बघतेस की काय?” आयएसओ ४००, एफ ४ तेच, शटर १/१०० आलं. म्हणजे आधीपेक्षा सव्वा-दीड स्टॉप जास्त उजेड. भिंत पांढरी, साडी मोतिया, आणि पुढच्या डोळ्यात खिडकीचा छोटा चौकोन स्वच्छ चमकतोय. पूर्ण फ्रेमचं मीटर ओरडत होतं ‘ओव्हर’. ओरडू दे.

असाइनमेंट पहिल्या फटक्यात ‘ओके’. सरांना तळहाताचं सांगितलं तर शांतपणे म्हणाले, “हो, मीटरिंग ॲडव्हान्स बॅचला आहे.” ॲडव्हान्स बॅचची फी वेगळी.

मॅन्युअलचा धाक नसेल तर याहून सोपं: ॲपर्चर प्रायॉरिटी ठेवा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक. संक्रांतीला काळ्या चंद्रकलेतले जवळून काढलेले फोटो बघा, साडी करडी आणि चेहरा पिठासारखा फटफटीत झालेला असतो. उणे एक केलं की दोन्ही जागेवर येतात. खाडीच्या काळ्या चिखलातला बगळा मात्र उलट्या कोड्यात टाकतो; पक्षी पांढरा पण फ्रेम काळी, तिथेही उणेकडेच जायचं, नाहीतर पिसं दिसत नाहीत, नुसता पांढरा ठिपका.

खिडकीच्या उजेडात काढताना ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू हिरवट येते. फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. १८ एमएमला झूम आउट करून अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. हे लेन्समुळे कमी आणि जवळ गेल्यामुळे जास्त होतं, म्हणून दोन-तीन पावलं मागे येऊन ५० ला काढा.

संध्याकाळच्या सोनेरी उजेडासाठी उपवनला जाणार असाल तर पंचांगातला सूर्यास्त धरून जाऊ नका. येऊरचे डोंगर पश्चिमेला आडवे आहेत, सूर्य त्यांच्यामागे आधीच जातो. लवकर पोचा. आणि बागांमधले वॉचमन मोबाइलला काही म्हणत नाहीत, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा दिसला की शिट्टी मारतात. आत जाण्याआधी गेटवरच विचारून घेतलेलं बरं.

स्पॉट मीटरिंग वापरून झालं की परत मॅट्रिक्सवर आणा. आणि स्पॉट कुठला भाग मोजतो ते कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. काही कॅमेऱ्यांत तो फोकस पॉइंटबरोबर सरकतो, काहींत कायम मधोमध असतो. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर तळहात आधी मधोमध घेऊन काटा लावा, मग हवी तशी फ्रेम करा.