स्पर्श किती वाजता?

आमच्या खगोलप्रेमी मंडळाचा मेळावा दरवर्षी ठरलेला. सूर्यग्रहण मात्र दरवर्षी आपल्या वाट्याला येत नाही, त्यामुळे एरवी मेळावा म्हणजे रात्रीचं आकाशदर्शन, दुर्बिणीपुढची रांग आणि ‘शनीची कडी दिसली का?’ हा एकच प्रश्न. ज्या वर्षी ग्रहण असेल त्या वर्षी तारीख आधी आकाश ठरवायचं आणि मग कार्यवाह. तेच मेळावे जास्त लक्षात राहिले. समारंभ अर्धा तास उशिरा सुरू करायची आपली जुनी सवय, पण चंद्र प्रमुख पाहुण्यांसाठी थांबत नाही. त्या दिवशी भाषणांना आपोआप कात्री लागायची, हाही एक फायदाच.

खरी मजा यायची ती आदल्या रविवारच्या बैठकीत. वर्तमानपत्रात मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा मोठ्या शहरांच्या वेळा छापून येत. आमचं ठिकाण त्या कोष्टकात कधीच नसे. मग गणिताचे सर शाळेच्या फळ्यावर भारताचा ओबडधोबड नकाशा काढत आणि शहरांशेजारी वेळा लिहीत. कुणीतरी हमखास म्हणायचं, “एका रेखांशाला चार मिनिटं धरा की झालं!” सर शांतपणे खडू त्याच्याच हातात देत. चार मिनिटांचा हिशोब सूर्योदयाचा. तिथे पूर्वेकडच्यांना सूर्य आधी दिसतो. ग्रहणात चंद्राची सावली जमिनीवरून धावते आणि तीही साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेमकी उलटी. २१ जून २०२० च्या ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे चंद्राची कड सूर्याला टेकण्याचा क्षण, मुंबईत सकाळी दहाच्या सुमाराला, दिल्लीत १०.२० ला आणि कोलकात्यात १०.४६ ला होता. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे मेळावा झालाच नाही. ज्याने त्याने आपापल्या खिडकीतून ढग बघितले.)

‘साधारणपणे’ या शब्दावर सरांचा भारी जोर. का, ते २५ ऑक्टोबर २०२२ ला दिसलं. त्या संध्याकाळी सावली वायव्येकडून उतरली. पूर्वेला असूनही दिल्लीला स्पर्श ४.२९ ला आणि मुंबईला वीस मिनिटांनी उशिरा, ४.४९ ला. मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, तर दोन्हीकडे दिसलाच नाही, सूर्य ग्रासलेलाच मावळला. पश्चिमेकडच्या इमारतींमुळे आम्हाला जागा बदलून पाण्याच्या टाकीवर चढावं लागलं. कोष्टकातली वेळ बरोबर असून भागत नाही, त्या वेळी सूर्य तुमच्या क्षितिजावर किती उंच आहे तेही बघावं लागतं.

सगळ्यात रंगलेला मेळावा २६ डिसेंबर २०१९ चा. थंडीची सकाळ, स्वच्छ आकाश. केरळ आणि तमिळनाडूच्या काही भागांत कंकणाकृती, आम्हाला खंडग्रास. मुंबईची वेळ ८.०४ होती, आमची त्याच्या आसपासच. कोषाध्यक्षांनी प्रत्येक ग्रहणचष्मा विजेच्या दिव्यासमोर धरून तपासला. ओरखडा दिसला की बाद. घरून आणलेल्या एक्स-रे फिल्म त्यांनी गोड बोलून काढून घेतल्या आणि परत दिल्या त्या मोक्षानंतरच. मग सगळ्यांनी मिळून उलटी मोजणी केली. शून्य! आणि काहीच नाही. सूर्य तसाच गोल गरगरीत. मागून टोमणे सुरू झाले. सरांनी नुसतं बोट वर केलं, थांबा म्हणून. स्पर्श होतो तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, खाच जरा मोठी झाली की मगच कळतं. मिनिटभरात तिसरीतली एक चिमुरडी ओरडली, “वरून कुरतडलाय उंदरानं!” तिचं बरोबर होतं. चंद्र सूर्याच्या पश्चिमेकडच्या कडेवरून आत शिरतो आणि सकाळी ती कड वरच्या बाजूला असते.

मध्य सव्वानऊ उलटून गेल्यावर. मुंबईत ७९ टक्के सूर्य झाकला गेला होता, तरी अंधार असा पडला नाहीच. ऊन फक्त मिळमिळीत झालं, सावल्यांच्या कडा जरा जास्तच रेखीव वाटायला लागल्या. अंधाराच्या आशेने आलेल्यांची निराशा झाली खरी, पण झाडाखाली बघितलं तर जमिनीवर शेकडो चंद्रकोरी सांडलेल्या. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक सूचीछिद्र, सूर्याची प्रतिमा पाडणारं बारीक भोक. पोरं बोटांची जाळी करून आपापल्या कोरी पाडत बसली आणि वरचा सूर्य विसरली.

ज्येष्ठांसाठी आरशाचा खेळ होता. छोट्या आरशावर कागद चिकटवायचा, कागदाला मधोमध बारीक भोक ठेवायचं आणि कवडसा वर्गातल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडायचा. मीटरला सुमारे नऊ मिलिमीटर असा हिशोब, म्हणजे दहा मीटरवर जवळपास नऊ सेंटीमीटरचा सूर्य. एक आजी ‘मी वर बघणार नाही’ म्हणून आल्या होत्या. त्याच खुर्चीत बसून शेवटपर्यंत हलल्या नाहीत. तिथेच टक्क्यांवरून वाद पेटला, तो दरवेळी पेटतोच. ग्रासमान मोजतात व्यासावर, म्हणजे व्यासाचा किती भाग झाकला ते, आणि बातमीतले टक्के बहुतेक वेळा क्षेत्रफळाचे. अर्धा व्यास झाकला तर क्षेत्रफळ जेमतेम ३९ टक्के झाकलं जातं. दोन्ही पक्ष बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही.

आता नजर आहे सोमवार, २ ऑगस्ट २०२७ कडे. हे २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचंच भावंड. एका सारोस मालिकेतली ग्रहणं १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी येतात. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून सावलीचा पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. २००९ साली पहाटे सुरतेवरून गेलेली खग्रास सावली या खेपेला स्पेन आणि इजिप्तवरून जाईल. इजिप्तमधल्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त काळोख आणि आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास.

तेव्हा जुलै होता, आता ऑगस्ट, म्हणजे पाऊस दोन्हीकडे. २००९ ला ढगांआडून नुसता उजेड कमी-जास्त झालेला पाहिला होता. त्यामुळे कार्यकारिणीत आत्ताच दोन तट पडलेत. एक म्हणतो सभागृहात पडदा लावून थेट प्रक्षेपण दाखवू, दुसरा म्हणतो छत्र्या घेऊन गच्चीवरच उभे राहू, पाच मिनिटं फट पडली तरी पुरे. मी छत्रीवाल्यांच्या बाजूने मत दिलंय.