आग रामेश्वरी

"घरचा कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे. ११ टाकून घेऊ, की सरळ नवाच घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. विचारणारा लगेच पुढे जोडतो, "आणि हल्ली फारच स्लो झालाय हो." खरा घोळ या दुसऱ्या वाक्यात आहे. कॉम्प्युटर संथ चालणं हे एक दुखणं आणि विंडोज १० ची मुदत संपणं हे दुसरं. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पण लोक पहिल्या दुखण्यावर उतारा म्हणून ११ टाकून घेतात आणि मग म्हणतात, "आणखीच हळू झाला." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

आधी मुदतीचं बघू. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पडणारही नव्हता. बंद झाली ती दर महिन्याला मिळणारी मोफत डागडुजी. विंडोजमध्ये सापडलेली सुरक्षेची भोकं मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बुजवतं. आता नवी भोकं सापडत राहणार, फक्त १० वर ती आपोआप बुजणार नाहीत. ज्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग, आयकर आणि डीमॅट चालतं, तिथे हे अंगावर काढू नये. नातवंडं इंटरनेटशिवाय जुने गेम खेळतात त्या डब्याची मला चिंता नाही.

आता स्लोचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते वाचा. एचडीडी असेल आणि सकाळी चालू केल्यावर बराच वेळ तिथे १०० टक्के दिसत असेल, तर निदान झालं. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर विंडोज १० च धापा टाकतं, ११ तर टाकणारच. साधी साटा एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क घाला, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून घ्या, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. एवढ्यावर अनेक घरांत नव्या कॉम्प्युटरची चर्चा थांबलेली मी पाहिली आहे. दुकानदाराला यापेक्षा नवा विकणं परवडतं, त्यामुळे हा सल्ला तुम्हाला तिथे सहसा मिळणार नाही.

मग ११ चालेल का? प्रोसेसरचं नाव वाचता आलं की अर्धं उत्तर मिळतं. इंटेलच्या आय-५ पुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते: ४५९० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. मोजके अपवाद सोडले तर आठवीपासून पुढच्यांनाच प्रवेश आहे. एएमडी रायझनमध्ये ढोबळमानाने २००० च्या मालिकेपासून, पण तिथे अपवाद असल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव बघूनच ठरवा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं तपासून सांगतं.

मात्र त्याने "नाही" म्हटलं की लगेच हात टेकू नका. पुष्कळदा प्रोसेसर पात्र असतो आणि अडतं टीपीएम २.० वर. ही सुरक्षेची सोय या काळातल्या प्रोसेसरमध्ये आतच असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू करून सेव्ह केलं की झालं. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये आणखी एक मेख असते: विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं आणि डिस्कची आखणीही जुनी, एमबीआर प्रकारची. ११ ला यूईएफआय ही नवी पद्धत आणि तिला साजेशी जीपीटी आखणी लागते. त्यासाठी डिस्क पुसायची गरज नाही, विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन ती जागच्या जागी बदलतं. "फॉरमॅटच मारावा लागेल" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे साधन माहीत आहे का ते विचारा. बॅकअप मात्र आधी घ्या, तोही त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नको.

प्रोसेसरच जुना असेल तर? आमच्या मामांचं तसंच होतं. चौथ्या पिढीचा आय-५, एसएसडी घातल्यापासून टुणटुणीत. मामांचं म्हणणं एकच, "अगं, चालतोय ना? मग कशाला हात लावायचा?" मला ते पटलं. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट अकाउंट त्यासाठी लागतंच; सेटिंग्ज क्लाउडवर ठेवायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. विंडोज १० मात्र २२एच२ आवृत्तीचं हवं. ही सोय म्हणजे विचार करायला मिळालेली सवड, कायमचा तोडगा नव्हे. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्यांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली सुचवते. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांना नाही सुचवत. अट चुकवून ११ घुसवण्याच्या युक्त्याही आहेत. स्वतःच्या कॉम्प्युटरवर खुशाल करा, पण अशा ठिकाणी अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरी मी ते करत नाही.

आता मराठी माणसाचा खास प्रश्न: फॉन्ट. मामा सोसायटीचे सेक्रेटरी. जुनी सगळी इतिवृत्तं आणि आजोबांच्या आठवणींचं टाइप केलेलं बाड युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये पडद्यावर "म" दिसतो, पण फाइलमध्ये त्या जागी एखादं रोमन अक्षर किंवा चिन्हच साठवलेलं असतं. फॉन्ट गेला की सगळ्या इतिवृत्ताची रोमन खिचडी होते आणि माणूस म्हणतो, "व्हायरस आला." १० वरूनच ११ वर अपग्रेड केलं, तर फॉन्ट, फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. फॉरमॅट मारून ११ टाकलं की फॉन्ट गेले. म्हणून आधी कंट्रोल पॅनेलमधून फॉन्टचं फोल्डर उघडून आपले मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या, महत्त्वाच्या फाइल्सची पीडीएफ करा आणि जमेल तसं युनिकोडमध्ये बदलत जा. डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या किल्लीवर चालणारं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा. कारण ११ मध्ये ३२ बिट प्रकारच नाही. नव्या लिखाणासाठी काही विकत घ्यायला नको. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड पहिल्यापासून आहे, आणि रोमन अक्षरांवरून मराठी लिहायचा फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो.

दुसरी गोष्ट मी जरा आवाज चढवून सांगते. ११ ची होम आवृत्ती कोरी टाकताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते. दुकानातला मुलगा पटकन एखादं अकाउंट काढतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून अशा कोऱ्या विंडोजवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला, तर निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली जाते. अकाउंट कुणाचं हेच आठवत नसेल, तर फोटो गेले. म्हणून अकाउंट स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा, किल्ली कागदावर उतरवा आणि तो कागद घरच्या फाइलमध्ये ठेवा.

बाकी किरकोळ. अस्सल विंडोज १० असेल तर ११ फुकट आहे, क्रॅक मारलेलं असेल तर ती वेगळी कहाणी. डाउनलोड चार-पाच जीबीच्या घरात जातं, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर बसू नका. आमच्याकडे वीज गुरुवारी जाते, म्हणून डेस्कटॉप असेल तर गुरुवार टाळते. स्टार्टचं बटण मधोमध गेलेलं पाहून घरातली मोठी माणसं गडबडतात. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ते परत डावीकडे आणता येतं, आणि मी उठायच्या आधी ते आणूनच उठते. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जच्या रिकव्हरीमधून १० वर परतता येतं. त्यासाठी सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं भलंमोठं फोल्डर राहतं. "जागा खातंय" म्हणून कुणी ते उडवू नका. आणि त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, सहीचं टोकन, जे जे म्हणून जोडता, ते एकेकदा चालवून बघा.