नऊ चिठ्ठ्या

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारी आम्ही नऊ जणांनी ८ एप्रिल १९७५ रोजी जाहीर झालेला एक निकाल पुन्हा लावून पाहिला. त्या दिवशी सत्तेचाळिसाव्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक आर्ट कार्नी यांना मिळाले. आमच्या बैठकीत ‘अन्याय’ हा शब्द निघाला, की या निकालावर गाडी आल्याशिवाय राहत नाही, कारण त्या वर्षी कार्नींसमोर ‘द गॉडफादर भाग २’मधले अल पचिनो होते, ‘चायनाटाउन’मधले जॅक निकल्सन होते, ‘लेनी’मधले डस्टिन हॉफमन होते आणि ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये गुप्तहेर पोआरो साकारणारे अल्बर्ट फिनी होते. या चौघांना डावलून एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या मांजराच्या गोष्टीला पारितोषिक! हे वाक्य मी याच उद्गारचिन्हासकट गेली वीस वर्षे म्हणत आले आहे.

लिहायला लाज वाटते, पण ती गोष्ट, म्हणजे ‘हॅरी अँड टोंटो’, मी गेल्या मंगळवारपर्यंत पाहिलेलीच नव्हती.

पाहिली तीही नाइलाजाने. आमच्यातल्या एका मैत्रिणीने अट घातली, की पाचही चित्रपट पाहिल्याखेरीज कोणाच्याही हातात मताची चिठ्ठी पडणार नाही. अट मूळची ऑस्कर देणाऱ्या अकादमीची आहे. ज्या विभागात अंतिम मत द्यायचे, त्यातले सगळे नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत, असा नियम अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तोपर्यंत सदस्यांच्या सचोटीवरच सारे चालले होते हे वाचून मी तेव्हा चांगलीच भडकले होते. कार्नींविषयी माझे मत वीस वर्षे कशावर चालले होते, हा प्रश्न त्या वेळी मनातही आला नव्हता.

चित्रपटात हॅरी नावाच्या बहात्तर वर्षांच्या विधुराची राहती इमारत पाडायची असते. तो हलायला तयार नसतो, तेव्हा त्याला त्याच्या आरामखुर्चीसकट उचलून बाहेर आणले जाते. हा प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. खुर्ची हवेत आहे, आजूबाजूला गडबड आहे, आणि हा माणूस आपली बैठक मोडू देत नाही. त्याचे हसू यावे की पोटात कालवावे हे आपल्याला ठरवता येत नाही, आणि कार्नीही ते आपल्यासाठी ठरवून देत नाहीत. दूरचित्रवाणीवरचा विनोदी नट अशी ज्यांची ओळख, ते कार्नी त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. चालताना गुडघा किती वाकवायचा, मांजराशी बोलताना आवाज किती खाली न्यायचा, हे सतरा वर्षांचे अंतर त्यांनी अशा बारीकसारीक गोष्टींनी भरून काढले आहे. ‘दिवसाढवळ्या दरोडा’ हा माझा ठेवणीतला शब्दप्रयोग त्या रात्री मोडीत निघाला.

तरीही पचिनो ते पचिनोच. हॉटेलच्या खोलीत त्यांच्या मायकेलला पत्नी सांगते, की गर्भ आपोआप पडला नव्हता, तिने तो मुद्दाम पाडला. त्यानंतर तिच्यावर हात उगारण्याआधी मायकेल नुसता पाहत राहतो, तेव्हाचे ते डोळे आठवले की बाकीचे मुद्दे फिके पडतात. चेहऱ्यावरची एक रेषा न हलवता आतली पडझड दाखवणे याहून अवघड काम नटाला नसावे. निकल्सनचे पाठीराखे यावर नाकावरची पट्टी पुढे करतात: ‘चायनाटाउन’मध्ये बराच वेळ नायक नाकावर पांढरी पट्टी लावून वावरतो आणि तरी त्याचा रुबाब उतरत नाही. हॉफमन आणि फिनी यांच्या बाजूने आज फारसे कोणी बोलले नाही.

वादाला खरी धार आली ती संकलनाचे काम करणाऱ्या मित्रामुळे. तो म्हणाला, “तुम्ही भूमिकेविषयी बोलत नाही, थकबाकीविषयी बोलताय.” त्याचा हिशेब असा. पचिनोंना १९७५ मध्ये डावलले, १९७६ मध्ये पुन्हा डावलले (त्या वर्षी पारितोषिक निकल्सन यांना मिळाले), आणि असे करत करत १९९३ मध्ये, आठव्या नामांकनावर, ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी ते त्यांच्या हाती आले. पण त्याच रात्री ‘माल्कम एक्स’मधल्या अफाट कामासाठी डेंझेल वॉशिंग्टन रिकाम्या हाती परतले, आणि त्यांना मुख्य अभिनेत्याचे पारितोषिक मिळायला ‘ट्रेनिंग डे’चे २००२ साल उजाडले. जुने देणे फेडताना नवे देणे उभे राहते, ते फेडताना तिसरे, असा त्याचा मुद्दा होता. ही साखळी आम्हा सगळ्यांना पाठ आहे. कमतरता एवढीच, की तिला थकबाकी म्हटले की ‘पारितोषिकाला पात्र कोण’ या प्रश्नाचे आपण काय करून ठेवले आहे ते उघडे पडते. चौकटीत एका वर्षातली एक भूमिका असते आणि आपण मात्र अख्खी कारकीर्द तागडीत टाकून बसतो.

मी त्याला फिनींचे नाव सुचवले. पाच नामांकने, पारितोषिक एकही नाही, आणि तरी त्यांच्या थकबाकीसाठी कोणी रात्र जागवत नाही. पीटर ओटूल यांची सात नामांकने हुकली, तेव्हा २००३ मध्ये त्यांना सन्माननीय ऑस्कर तरी मिळाला. हिचकॉक यांना दिग्दर्शनासाठी एकदाही नाही. म्हणजे थकबाकीच्या वहीतही आवडती आणि नावडती खाती असतात. मित्र यावर हसला, पण मागे हटला नाही.

मग चिठ्ठ्या. अकादमीत नामांकने नटांची शाखा करते, पण अंतिम फेरीत सगळे सदस्य मत देतात आणि ज्याला सर्वाधिक मते, तो जिंकतो. पन्नास टक्क्यांची अट नसते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या निवडीत मात्र २००९ च्या चित्रपटांपासून, नामांकने पाचावरून दहा झाली तेव्हा, पसंतीक्रम आला. कोणालाच निम्म्यांहून अधिक मते नसतील, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. आम्ही एकाच चिठ्ठीवर पाचही नावे क्रमाने लिहिली आणि दोन्ही पद्धतींनी मोजणी केली.

पहिल्या मोजणीत पचिनो चार, निकल्सन तीन, कार्नी दोन, उरलेले दोघे शून्य. सरळ मोजणीने पचिनो जिंकले आणि आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. दुसऱ्या मोजणीत कार्नी बाद झाले, त्यांच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर दुसरे नाव निकल्सन यांचे निघाले आणि निकाल पाच विरुद्ध चार असा उलटला. तेच नऊ जण, त्याच चिठ्ठ्या, तीच दुपार. यावर जो गोंधळ झाला तो अभिनयावरचा नव्हताच, मोजणीवरचा होता, आणि खरे सांगायचे तर दिवसभरातला सर्वांत रंगलेला भाग तोच. मैत्रीण म्हणाली, की पसंतीक्रमात ज्याच्यावर कमीत कमी लोकांचा राग असेल तो तरतो. हे मला अर्धेच पटले. निकल्सनवर राग नसणे आणि निकल्सन आवडणे यांत काही फरक नाही का? तिच्या मते तो फरक चिठ्ठीला कळत नाही.

आता चिठ्ठ्या माझ्यासमोर आहेत, कारण सगळे गेल्यावर टेबल आवरणे माझ्याकडे आले. माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवर पहिले नाव पचिनो. दुसरे लिहिताना मी बराच वेळ थांबले होते, निकल्सन लिहून खोडले आहे, आणि वर बारीक अक्षरात कार्नी लिहिले आहे. वीस वर्षांत बदललेले माझे एकमेव मत ते. पण पचिनो शेवटच्या फेरीपर्यंत टिकल्यामुळे माझी चिठ्ठी पहिल्या नावावरच थांबली आणि दुसरे नाव मोजणाऱ्याने वाचलेच नाही. ती चिठ्ठी या पानाला टाचणीने लावून ठेवते आहे.