ढग सोलापूरचा, डेटा पुण्यात: माझा अनुभव

सोलापूर पर्जन्यछायेत येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा कायपीक्स प्रयोग इथे केला तो त्यामुळेच. माझी पीएचडी याच पट्ट्यातल्या ढगांच्या मॉडेलवर आहे. मॉडेल चालतं पुण्यातल्या एका क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर), आणि मी राहते जुळे सोलापुरात.

एका व्हेरिएबलचे (तापमानासारख्या एका राशीचे) १० कोटी बिंदू, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका टाइमस्टेपला, मॉडेलच्या वेळेतल्या एका टप्प्याला, ४०० एमबी. दर १० मिनिटांनी एक असे दिवसाचे १४४ टाइमस्टेप आणि ६ व्हेरिएबल धरले तर ३४५ जीबी होतात. २० एमबीपीएसच्या लाइनवर हे उतरवायला दीड दिवसही पुरत नाही, आणि उतरवलं तरी लॅपटॉपच्या रॅममध्ये मावणार नाही.

म्हणून डेटा जिथे आहे तिथेच ठेवला आणि पॅराव्ह्यू घेतलं, म्हणजे डेटाची त्रिमित चित्रं काढणारं सॉफ्टवेअर. क्लस्टरवर त्याचा सर्व्हर भाग, पीव्हीसर्व्हर, चालू करायचा, तो १११११ पोर्टवर वाट बघतो. बाहेरून ते पोर्ट बंदच असतं, त्यामुळे एसएसएच टनेल, म्हणजे क्लस्टरच्या सुरक्षित लॉगिनमधून जाणारी वाट, लागते. दोन्हीकडे पॅराव्ह्यूची आवृत्ती एकच हवी, नाहीतर जोडणीच होत नाही.

खरी मेख पुढे आहे. सेटिंग्जमध्ये रिमोट रेंडर थ्रेशोल्ड असतो, म्हणजे चित्र कुठे बनवायचं हे ठरवणारी मर्यादा, मुळात २० एमबी. दाखवायच्या भूमितीचा (पृष्ठभागाच्या त्रिकोणांचा) आकार त्याहून लहान असेल तर ती सगळी लॅपटॉपवर येते, मोठा असेल तर तिकडेच चित्र बनून फक्त पिक्सेल येतात. माझा ढगाचा पृष्ठभाग कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडायचा. टाइमस्टेप बदलला की स्क्रीन गोठायची. थ्रेशोल्ड शून्य केला आणि प्रश्न मिटला. चित्र नेहमी तिकडेच बनतं आणि एलझेड४ या पद्धतीने दाबून (कॉम्प्रेस होऊन) येतं. डेटा कितीही वाढो, स्क्रीनचे पिक्सेल तेवढेच! फिरवताना चित्र जरा भरड दिसतं, माउस सोडला की स्वच्छ होतं.

गाइड मॅडम पुण्यात. सर्व्हर मल्टी-क्लायंट्स पर्यायाने सुरू केला की त्याही त्याच सत्रात येतात. सूत्रं एका वेळी एकाकडेच असतात, ती मी त्यांना देते.

"अगं, इथे काप घे, सहा किलोमीटर उंचीवर," त्या म्हणाल्या. तिथे गोठणपातळीच्या वर, शून्य अंशाखालीही, द्रवरूप पाण्याचा एक पट्टा सरळ दिसला. ईमेलवर चित्रं पाठवून तो आम्हाला कधीच सापडला नसता, असं मला ठाम वाटतं.

सुरू करणाऱ्यांनी एवढं करावं: दर थोड्या वेळाने स्टेट फाइल, म्हणजे पॅराव्ह्यूमधल्या मांडणीची नोंद, सेव्ह करत राहा. लाइन तुटली तरी कापांची आणि रंगांची मांडणी पुन्हा करावी लागत नाही.